२५६ची स्टिक १२८ दाखवते: जुन्या मशीनची रॅम वाढवताना नेहमी येणारी अडचण

पेंटियम-टू किंवा पेंटियम-थ्रीचं जुनं मशीन. आत इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅममधला दुवा सांभाळणाऱ्या चिप्सचा) बोर्ड, त्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशन. मूळची ६४ एमबीची स्टिक (रॅमची पट्टी) काढून २५६ एमबीची एसडी-रॅम (त्या काळातला रॅमचा प्रकार) लावली, बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावरची मोजणी १३१०७२के वर येऊन थांबली. म्हणजे १२८ एमबी. स्लॉट बदलून पाहिला, तेच. दुकानदाराने कुरकुरत स्टिक बदलून दिली, तरी तेच. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे तीच स्टिक एसडी-रॅम घेणाऱ्या सुरुवातीच्या पेंटियम-फोरमध्ये लावली की पूर्ण २५६ दाखवते.

जुन्या मशीनचा नाद असलेल्यांकडून हा प्रश्न वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच शब्दांत येतो, आणि उत्तरंही ठरलेली मिळतात: रॅम खराब आहे, बोर्ड गेला, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट कर. तिन्ही बहुतेक वेळा चूक. स्टिक धडधाकट असते, बोर्डही धडधाकट असतो, फक्त दोघांचं गणित जुळत नाही.

त्या गणितात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रॅम नेमकी कुठे हरवते? बायोसच्या मोजणीतच कमी भरते, की बायोस पूर्ण मोजतं आणि विंडोजमध्ये गेल्यावर कमी दिसते? की दोन्हीकडे पूर्ण दिसते आणि मशीन मधेच लटकतं? हे तीन वेगळे रोग आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मोजणी इतक्या झपाट्याने उरकत असेल की आकडा वाचता येत नाही, तर कीबोर्डवरचं पॉझ बटण दाबा, किंवा बायोसमध्ये जाऊन क्विक पॉवर ऑन सेल्फ टेस्ट बंद करा. मोजणीनंतरच्या तक्त्यात बेस मेमरी ६४०के आणि एक्स्टेंडेड मेमरी १३००४८के असं दिसलं, तर एक एमबी कुठे गेला म्हणून घाबरू नका. १२८ एमबीतला पहिला एक एमबी बाजूला धरून उरलेला आकडा तिथे छापलेला असतो. बोर्डावरच ग्राफिक्स असलेल्या मशीनमध्ये काही एमबी चित्रासाठी राखून ठेवलेले असतात, तेही हिशेबात धरा. पण बरोबर अर्धी रॅम गायब असेल, तर पुढे वाचा.

अर्धी रॅम जाते कुठे

एसडी-रॅमच्या चिपमध्ये बिट्स ओळी आणि रकान्यांच्या जाळीत ठेवलेले असतात. चिपसेट आधी ओळीचा पत्ता पाठवतो, मग त्याच तारांवरून रकान्याचा. आठ बिट रुंदीच्या १२८ मेगाबिट चिपमध्ये चार बँका असतात आणि प्रत्येक बँकेत ४०९६ ओळी, १०२४ रकाने. ४०९६ ओळींच्या पत्त्याला १२ तारा पुरतात. तशाच २५६ मेगाबिटच्या चिपमध्ये रकाने तेवढेच, पण ओळी ८१९२. त्यांना १३ तारा लागतात.

४४०बीएक्स हा १९९८चा चिपसेट. त्याच्याकडे ओळीच्या पत्त्यासाठी बाराच तारा आहेत. तेराव्या तारेची पिन स्टिकवर आहे, चिपवर आहे, पण चिपसेटकडून तिच्यावर काही येतच नाही. सहा आकडी पिनकोड पाच चौकटींच्या अर्जात भरायला घ्यावा, तसं हे. प्रत्येक चिपचा अर्धा भाग कायम न पोचलेला राहतो आणि २५६ची स्टिक १२८ची होऊन बसते.

आता बायोस अपडेटचा सल्ला का फसतो ते कळेल. जी तार बोर्डावर ओढलेलीच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार? अपडेट करू नका असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीच्या काही बीएक्स बोर्डांना २५६ची चालण्याजोगी स्टिकसुद्धा नव्या बायोसशिवाय ओळखता येत नाही. पण ते कारण वेगळं. चिपवरचे नंबर वाचायच्या आधीच बायोस फ्लॅश करायला (नवा बायोस लिहायला) घेणं, तेही यूपीएस नसताना, हा मला निव्वळ उतावीळपणा वाटतो.

एक गंमत अशी की तीच स्टिक दोन बीएक्स बोर्डांवर दोन तऱ्हांनी वागू शकते. काही बायोस मेमरीत लिहून-वाचून बघतात आणि पत्ते कुठे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात यावरून आकार ठरवतात. त्यांना अर्धी स्टिक दिसते आणि ती अर्धी बिनतक्रार चालते. दुसरे काही स्टिकवरच्या आठ पायांच्या छोट्या एसपीडी चिपमधली माहिती वाचतात, तिथे १३ ओळ-तारा असं लिहिलेलं सापडतं, आणि ते गोंधळून बीप देत बसतात. म्हणून "माझ्या मित्राच्या बीएक्सवर चालली" या वाक्याला फारसा अर्थ नाही.

एमबी नाही, चिप्स मोजा

हिशेब सोपा आहे. एका चिपचे मेगाबिट गुणिले चिप्सची संख्या भागिले आठ, म्हणजे स्टिकचे एमबी. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप्स, प्रत्येक १२८ मेगाबिटची: २५६ एमबी. एकाच बाजूला आठ चिप्स, प्रत्येक २५६ मेगाबिटची: तेही २५६ एमबी. लेबल सारखं, किंमत सारखी, पण बीएक्सवर पहिली पूर्ण चालते आणि दुसरी अर्धी. चारच चिप्सची १२८ एमबीची स्टिक मिळते, तिच्यात सोळा बिट रुंदीच्या २५६ मेगाबिट चिप्स असतात. ती बीएक्सवर ६४ दाखवते. नऊ किंवा अठरा चिप्स दिसल्या तर ती ईसीसीची, म्हणजे चुका ओळखून सुधारायची सोय असलेली, स्टिक. जास्तीची चिप एमबीच्या हिशेबात धरायची नाही.

स्टिकरवर विश्वास ठेवू नका, चिपवरचा नंबर वाचा. भिंग नसेल तर मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढून मोठा करा. सॅमसंगचा नंबर के४एसने सुरू होतो आणि लगेच पुढे क्षमता येते: के४एस६४०८३२ म्हणजे ६४ मेगाबिट, के४एस२८०८३२ म्हणजे १२८ मेगाबिट, के४एस५६०८३२ म्हणजे २५६ मेगाबिट. मधले ०८ म्हणजे आठ बिट रुंदी. तिथे १६ असेल तर सोळा बिट. ह्युंदाईचा, म्हणजे नंतरच्या हायनिक्सचा, नंबर एचवाय५७व्हीने सुरू होतो. त्यापुढे ६५ आलं तर ६४ मेगाबिट, २८ आलं तर १२८, ५६ आलं तर २५६. मायक्रॉन सगळ्यात सरळ: एमटी४८एलसी८एम८, १६एम८ आणि ३२एम८. एमच्या मागचा-पुढचा आकडा गुणला की अनुक्रमे ६४, १२८ आणि २५६ मेगाबिट. बीएक्ससाठी तुम्हाला के४एस२८, एचवाय५७व्ही२८ किंवा १६एम८ हवी. बाकी कंपन्यांचे नंबर ओळखू आले नाहीत तर सोळा चिप्सची २५६ घ्या. तिचा हिशेब आपोआप १२८ मेगाबिटवर येतो.

बोर्डाच्या कमाल मर्यादेचा आकडाही यातूनच निघतो. दर स्लॉटला २५६ एमबी. आसुसच्या पी२बीवर तीन स्लॉट म्हणून ७६८ एमबी, पी३बी-एफवर चार म्हणून १ जीबी.

शोधायला कुठे जायचं हे वेगळं सांगायला नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्यांतली जुन्या सुट्या भागांची दुकानं, पुण्यात जुना बाजार, आणि बाकी गावांत दहावी-बारावीच्या सुट्टीत कधीकाळी कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांची माळ्यावर टाकलेली मशीनं. दुकानात "एसडी २५६" एवढंच मागितलंत तर आठ चिप्सची स्टिक हातात पडण्याचीच शक्यता जास्त, कारण उशिराच्या काळात त्याच जास्त बनल्या. "दोन्ही बाजूंनी चिप असलेली, सोळावाली द्या" असं मागा. दुकानदार एकदा तोंडाकडे बघेल, पण डबा पुढे सरकवेल. पोत्यात एकमेकींवर घासत पडलेल्या स्टिक्स घेताना कडेचे बारीक रेझिस्टर जागेवर आहेत का ते आवर्जून पाहा. एखादा उडालेला असतो आणि बाकी स्टिक अगदी नवी दिसते.

सोळा चिप्सची २५६ मिळतच नसेल, तर एक जुगाड आहे. सोळा चिप्सची ५१२ एमबीची स्टिक, म्हणजे २५६ मेगाबिटच्या सोळा चिप्स, बऱ्याच बीएक्स बोर्डांवर २५६ म्हणून उठते. अर्धी वाया जाते, पण स्लॉटला जास्तीत जास्त मिळणारे २५६ एमबी मिळतात. हमी नाही, कारण वर म्हटलं तसं ते बायोस कसं मोजतं यावर आहे. म्हणून विकत घेण्याआधी उसनी आणून लावून पाहा.

ज्यांचा बोर्ड बीएक्स नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. पेंटियमच्या काळातला ४३०टीएक्स ६४ मेगाबिटच्या चिपपर्यंतच जातो. त्याच्यावर हाच खेळ एक पायरी खाली होतो, आठ चिप्सची १२८ तिथे ६४ दिसते. व्हीआयए अपोलो प्रो १३३ए असेल तर तुम्ही सुटलात, तो २५६ मेगाबिटच्या चिप्स घेतो. इंटेल ८१५ही घेतो, पण त्याची एकूण मर्यादा ५१२ एमबी आहे. बीएक्सवर नाकारलेली आठ चिप्सची स्टिक या दोघांवर मजेत चालते, तेव्हा ती परत करायची घाई करू नका.

मशीन उठतच नाही, नुसतं बीप

अवॉर्ड बायोस लांब बीप पुन्हा पुन्हा देत राहिलं तर त्याला रॅम सापडलेली नाही. एएमआयच्या बायोसमध्ये एक, दोन किंवा तीन बीप हे अनुक्रमे रिफ्रेश (साठवलेले बिट ताजे ठेवणं), पॅरिटी (जादा बिटने चूक तपासणं) आणि पहिल्या ६४केची तक्रार असतं. तिन्ही वेळा पहिला संशय रॅमवरच.

आपल्याकडे कुठलाही दुरुस्तीवाला पहिल्यांदा रॅम काढतो, रबर मारतो आणि परत लावतो. याची टिंगल होते, पण उपाय खरा आहे, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि पावसाळ्यानंतर. फक्त रबर पांढरा, मऊ, शाळेतला घ्या. शाई खोडायचा खरखरीत रबर सोन्याचा पातळ थर खरवडून काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात दुखणं दुप्पट होऊन येतं. रबराचा भुगा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने दाते पुसा. स्लॉटच्या आतली धूळ फुंकू नका, थुंकीचा अंश आत जातो. हवेचा ब्लोअर किंवा कोरडा ब्रश वापरा.

एक गोष्ट मात्र कडक सुरात सांगतो. एटीएक्सचं मशीन बंद केलं तरी बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय चालू असतो. बोर्डावरचा छोटा दिवा जळत असताना रॅम काढायची किंवा लावायची नाही. मागची वायर काढा, समोरचं बटण एकदा दाबून साठलेला करंट जाऊ द्या, दिवा विझला की हात घाला. मशीन "नुसतं बंद" ठेवून स्टिक्स बदलत बसणारे लोक चांगली स्टिक आणि कधीकधी स्लॉटही घालवतात.

स्टिक बसवताना दोन्ही कडेच्या कुंड्या आपोआप वर येऊन खाचेत बसायला हव्यात. एक बाजू बसली आणि दुसरी अर्धा मिलिमीटर वर राहिली, तरी वरून सगळं ठीक दिसतं. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड स्टिक्स स्वस्त मिळतात. मधोमध एक-दोन वेगळ्या आकाराच्या चिप्स दिसल्या तर ती रजिस्टर्ड समजा. डेस्कटॉप बोर्डासाठी त्यांच्या नादी लागू नका.

मोजणी बरोबर, पण मशीन लटकतं

इथे मेमटेस्ट८६प्लसला पर्याय नाही. त्याच्या जुन्या आवृत्त्या फ्लॉपीवरून चालतात, तेव्हा सीडी ड्राइव्हवर अवलंबून राहायचं कारण नाही. एक फेरी पुरी झाली म्हणून थांबू नका, रात्रभर चालू ठेवा. काही चुका मशीन तापल्यावरच दिसतात. एक लक्षण सांगून ठेवतो, कारण त्यापायी लोक चांगले सीडी ड्राइव्ह फेकतात: विंडोज ९८ टाकताना मधेच "अमुक कॅब फाइल वाचता येत नाही" असा संदेश येतो, पुन्हा प्रयत्न केला की वेगळ्याच फाइलचं नाव येतं. सीडी पुसून, ड्राइव्ह बदलून फरक पडत नसेल तर दोष रॅममध्ये असण्याची शक्यता फार मोठी. दाबून ठेवलेली फाइल उलगडताना एक बिट जरी बदलला तरी ती फाइल बाद होते. तसंच सुरुवातीला हायमेमने (डॉसला १ एमबीवरची मेमरी मिळवून देणाऱ्या फाइलने) अविश्वसनीय एक्सएमएस मेमरी, म्हणजे तीच वरची मेमरी, सापडल्याचं सांगितलं, तर तो संदेश बंद करण्याचे उपाय शोधू नका. तो खरं बोलतोय.

मेमटेस्टमध्ये चुका आल्या की एकेक स्टिक वेगळी लावून तपासा. तीनही स्टिक्स एकेकट्या स्वच्छ निघतात आणि तिन्ही एकत्र लावल्या की चुका येतात, हे फार होतं. दोन्ही बाजूंनी भरलेल्या तीन-चार स्टिक्सचा भार १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर काही बोर्डांना झेपत नाही. बायोसमध्ये एसपीडीवर सोडलेली सेटिंग हाती घ्या आणि रॅमला उत्तरासाठी जास्त वेळ देणारे हे आकडे टाका: कॅस लेटन्सी ३, रास ते कॅस ३, प्रीचार्ज ३. वेगात पडणारा फरक तुम्हाला खेळात जाणवणार नाही, स्थिरता मात्र लगेच जाणवेल. बीएक्स १३३ मेगाहर्ट्झवर पळवत असाल तर आधी १०० वर आणा आणि मग बोला. १३३वर एजीपी, म्हणजे ग्राफिक्सचं, कार्डही ठरलेल्या ६६ऐवजी ८९ मेगाहर्ट्झवर चालत असतं, आणि त्याच्या चुकांचं खापर रॅमवर फुटतं.

प्रत्येक स्टिकवर, प्रत्येक स्लॉटमध्ये, पत्ता बदलत चुका येत असतील तर रॅम सोडा आणि प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर बघा. माथा फुगलेला, तपकिरी डाग, बुडाशी चिकट थर. १९९९ नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत हा रोग घाऊक प्रमाणात आहे. बदलताना लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाच्या) प्रकारचेच लावा. टीव्हीच्या दुकानातले साधे कपॅसिटर लावले तर मशीन उठेल, पण दुखणं तसंच राहील. आणि हो, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ही तितकाच म्हातारा झालाय, त्याचे ३.३ आणि ५ व्होल्ट मीटरने एकदा मोजा.

रॅम जास्त झाली म्हणून विंडोज रुसलं

बीएक्सवर ७६८ एमबी लावण्यात यशस्वी झालेल्यांचा पुढचा प्रश्न हा: बायोस ७६८ दाखवतं, मेमटेस्ट स्वच्छ, आणि विंडोज ९८ मात्र सुरू होतानाच मेमरी अपुरी असल्याची तक्रार करतं, किंवा डॉसची खिडकी उघडली की तेच. रॅम वाढवल्यावर मेमरी कमी पडल्याचा संदेश! पण कारण साधं आहे. विंडोज ९८चा व्हीकॅश, म्हणजे फाइल कॅश, एकूण रॅमच्या प्रमाणात स्वतःसाठी पत्त्यांची जागा राखून ठेवतो. ५१२ एमबीच्या वर गेलात की तो इतकी जागा अडवतो की बाकीच्यांना, त्यात ग्राफिक्ससाठी राखलेलं एजीपी कार्डचं अ‍ॅपर्चरही आलं, पत्तेच उरत नाहीत.

उपाय विंडोजच्या फोल्डरमधल्या सिस्टम.आयएनआय फाइलमध्ये आहे. तिथे चौकटी कंसात व्हीकॅश नावाचा विभाग असतो. त्याखाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ ही ओळ घाला; अर्थात फाइलमध्ये नाव आणि आकडा दोन्ही रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. आकडा केबीमध्ये आहे, म्हणजे कॅश २५६ एमबीवर बांधला गेला. ५२४२८८ ही वरची हद्द. विंडोज उठतच नसेल तर डॉसवरून एडिट कमांडने हीच ओळ घाला, किंवा जास्तीची स्टिक तात्पुरती काढून ठेवा. निदान पक्कं करायचं असेल तर एमएसकॉन्फिगच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मेमरीवर मर्यादा घालायची सोय आहे. ५१२ वर बांधून मशीन सुधारलं, तर रोग हाच.

माझं स्पष्ट मत विचाराल तर विंडोज ९८साठी २५६ एमबी भरपूर आहेत आणि ५१२च्या पुढे जाणं केवळ हौस. पण हा छंदच हौसेचा आहे, त्यामुळे वाद घालत नाही.

बायोसमधली दोन सेटिंग मात्र सगळ्यांनीच पाहून घ्यावीत. १५ ते १६ एमबीमधली मेमरी होल चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला सुरुवातीचे १५-१६ एमबीच दिसू शकतात. काही जुन्या आयएसए कार्डांसाठी ती सोय होती, तुम्हाला नको आहे. आणि ६४ एमबीवरच्या रॅमसाठी ओएस/२ निवडलेलं असेल तर नॉन-ओएस/२ करा. शुद्ध डॉस ६.२२ चालवणाऱ्यांना ६४च एमबी दिसतात, ती त्याच्या हायमेमची मर्यादा आहे. विंडोज ९८सोबतचा हायमेम पुढे जातो.

रॅम वाढवली आणि मशीन मंद झालं

हे बीएक्सवर सहसा होत नाही, पेंटियम आणि एएमडीच्या के६च्या बोर्डांवर होतं. ४३०एफएक्स, व्हीएक्स आणि टीएक्स हे चिपसेट बोर्डावरच्या दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये (छोट्या, वेगवान मेमरीत) पहिल्या ६४ एमबींचंच प्रतिबिंब ठेवू शकतात. त्यावरची रॅम चालते, पण कॅशविना, थेट. आणि विंडोज ९५-९८ची खोड अशी की ती रॅम वरच्या टोकाकडून वापरायला घेतात. परिणामी ६४चे १२८ केले की नेमका रोजचा कारभार कॅशबाहेरच्या भागात जाऊन बसतो.

टीएक्सवर ६४ एमबी ठेवा आणि सुखी राहा, हा माझा सल्ला. जास्त हवीच असेल तर के६-टू-प्लस किंवा के६-थ्री शोधा. त्यांचा दुसरा कॅश प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे चिपसेटच्या मर्यादेचा जाच फारसा उरत नाही. ४३०एचएक्स हा त्या घराण्यातला अपवाद: टॅग रॅमची (कॅशमध्ये काय आहे याची नोंद ठेवणाऱ्या मेमरीची) जास्तीची चिप असेल तर तो ५१२ एमबीपर्यंत कॅश करतो आणि पॅरिटी, ईसीसीही जाणतो.

४८६ आणि त्याआधीचे

जुन्या काळी मराठी मजकुरासाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावलेली मशीनं काही घरांत आणि छापखान्यांत अजून आहेत. ते कार्ड जपायचं म्हणून ४८६ जपला जातो, आणि मग कधीतरी ४ एमबीचे १६ करावेसे वाटतात. इथे अडचण बँक, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या सिमचा (जुन्या रॅमच्या पट्ट्यांचा) गट, भरण्याची. ४८६चा डेटा मार्ग ३२ बिटांचा. ३० पिनांची सिम ८ बिटांची, म्हणून एका बँकेला चार लागतात, चारही सारख्या. ३८६एसएक्सचा मार्ग १६ बिटांचा, त्याला दोन पुरतात. ७२ पिनांची सिम ३२ बिटांची, ४८६ला एक पुरते, पण पेंटियमचा मार्ग ६४ बिटांचा असल्याने त्याला जोडीच लागते. तीन सिम लावून तिसरी मोजली जात नाही अशी तक्रार आली की बहुधा एवढंच असतं.

७२ पिनांमध्ये एफपीएम आणि ईडीओ हे रॅमचे दोन प्रकार दिसायला जुळी भावंडं. पेंटियमच्या चिपसेटांना दोन्ही चालतात, ४८६च्या बऱ्याच बोर्डांना फक्त एफपीएम. ईडीओ लावून मोजणी पूर्ण होते आणि नंतर काहीही होतं, तेव्हा ४८६साठी एफपीएमच मागा. चिपवरच्या नंबराच्या शेवटी -६ किंवा -६० असेल तर ६० नॅनोसेकंद, -७ किंवा -७० असेल तर ७०. कमी आकडा जास्त वेगवान, आणि एका बँकेत दोन्ही मिसळू नयेत.

मशीन सुरू होताच पॅरिटी एररची ओळ येऊन सगळं गोठलं, तर दर वेळी सिम खराब असते असं नाही. पॅरिटी नसलेली, म्हणजे ३० पिनांत आठ किंवा दोन चिप्सची सिम लावलीत आणि बायोसमध्ये किंवा जंपरवर पॅरिटी तपासणी चालूच राहिली, की हेच होणार. तपासणी बंद करा किंवा नऊ-चिप सिम आणा. नऊ चिप्सच्या आणि तीन चिप्सच्या सिम एकाच बँकेत मिसळल्यावर मात्र काही बोर्ड विचित्र वागतात. कागदावर दोन्ही सारख्याच क्षमतेच्या असल्या तरी आतल्या चिप्सच्या ओळींची रचना आणि रिफ्रेशची गरज वेगळी असते.

सिम बसवायची ती तिरकी घालून उभी करायची, आणि काढताना दोन्ही कडेचे चिमटे एकाच वेळी बाहेर ओढायचे. चिमटे धातूचे असतील तर नशीब, प्लास्टिकचे असतील तर इतक्या वर्षांनी ते ठिसूळ झालेले असतात आणि एका बाजूने ओढलं की तुटतात. तुटलाच तर रबर बँड लावून काम चालतं, पण सॉकेट बदलणंच बरं. हे सगळं करायच्या आधी कीबोर्डच्या सॉकेटजवळची ३.६ व्होल्टची पिंपासारखी बॅटरी बघा. तिच्याभोवती हिरवा-निळा थर आला असेल तर आधी ती कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग अल्कोहोलने पुसा, आणि खालच्या तांब्याच्या रेषा मीटरने तपासा. त्यातली एखादी खाल्ली गेली असेल, तर कितीही चांगली सिम आणली तरी बायोस सेटिंग विसरत राहील आणि मशीन कधी उठेल, कधी नाही.